ग्रेड वन

गुहागरात माणसं सहसा जाड नसतात. घरामागे वाडी, वाडीमागे पुळण, पुळणीपुढे समुद्र. रहाट जाऊन पंप आले, तरी शिपणं काढणं, झावळ्या ओढणं, बेडे वेचणं यांतून अंगाला मांस धरायला सवड म्हणून मिळत नाही. त्यामुळे खालच्या पाटातले आमचे शेजारी अण्णा चिपळूणहून सोनोग्राफी करून आले आणि कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असं निघालं, तेव्हा पहिला संशय आला तो कागदाचाच. “दुसऱ्या कुणाचा तरी दिलान असेल,” वैनी म्हणाल्या. अण्णांनी मात्र आयुष्यात कुठे तरी पहिला वर्ग मिळाला, या समाधानात तो घडी करून खिशात ठेवला.

पाठोपाठ रक्ताचा रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली चरबी, 150 च्या आत हवं, ते 200 च्या पुढे. मग आळीत आरोपी शोधणं आलं, आणि आरोपी दारातच उभा होता. नारळ! आमटीत तो, उसळीत तो, सोलकढीत तो. पण गुहागरात नारळ बंद करायचा म्हणजे आधी चूल बंद करायला हवी.

नारळाची बाजू कुणी तरी मांडायला हवी, म्हणून मी मांडतो. भरपेट तुपातेलाचं जेवल्यावर काही तासांनी रक्त काढून त्याचं सीरम वेगळं केलं, तर ते नारळाच्या दुधासारखं पांढुरकं दिसू शकतं. ती जेवणातली चरबी. रात्रभरात ती बहुतेक निवळते, आणि म्हणूनच लॅबवाले दहा-बारा तास उपाशी यायला सांगतात. सकाळी जे मोजलं जातं, ते मुख्यतः लिव्हरने स्वतः तयार करून व्हीएलडीएलच्या कणांत भरून रक्तात सोडलेलं असतं. हा माल येतो कुठून? 2005 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी फॅटी लिव्हरच्या नऊ रुग्णांत याचा माग काढला. लिव्हरमधल्या चरबीपैकी सुमारे 59 टक्के शरीरातल्या साठ्यातून सुटून आलेली, 26 टक्के साखर-पिठापासून लिव्हरनेच घडवलेली, आणि थेट ताटातल्या चरबीचा वाटा अवघा 15 टक्के. रुग्ण मोजकेच, तेही लठ्ठ. पण भाताच्या तिसऱ्या वाढपाकडे आणि आमरसातल्या साखरेकडे आळीत कुणी बोट दाखवत नव्हतं, एवढं त्यावरून म्हणता येतं. अर्थात नारळाची ही निर्दोष सुटका नव्हे, फार तर जामीन. त्याची चरबी बहुतांशी संपृक्त, ती एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवते. त्या खटल्याची तारीख वेगळी.

राहिला प्रश्न अण्णांच्या किडकिडीत देहाचा. त्याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्या शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणारी बाळंसुद्धा साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सरासरी पाऊण किलोने हलकी, पण चरबी त्या मानाने राखून असलेली निघाली. आपल्याकडच्या माणसाची शिल्लक अशी सदऱ्याबाहेर दिसत नाही. रक्तात मात्र दिसते: ट्रायग्लिसराईड वर, एचडीएल खाली. अण्णांचा एचडीएल तसाच होता, पण त्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात हे कळल्यामुळे चांगलं थोडकंच असायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

एसजीपीटी नॉर्मल आलं, त्याचे पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. लिव्हरच्या पेशी दुखावल्या की हे एन्झाइम रक्तात झिरपतं. पण फॅटी लिव्हरच्या पुष्कळ लोकांत ते तोंडही उघडत नाही. त्याच्या भरवशावर पेढे खाऊ नयेत.

यातून अण्णांनी एक विद्या मात्र कमावली. ट्रायग्लिसराईड भलतं चंचल आहे. दोन-तीन दिवस भात आणि गोड तोडलं की ते खाली उतरतं. लिव्हरमधली चरबी इतक्या स्वस्तात हलत नाही, तिला महिनोन्‌महिने वजनातला उतार आणि चाल दाखवावी लागते. अण्णांनी अर्थातच स्वस्त वाट धरली. तपासणीच्या आधी तीन दिवस मुगाचं कढण, आषाढी एकादशीला साबुदाण्याला चक्क नकार, आणि रिपोर्ट 150 च्या आत. त्या दुपारी व्याडेश्वराला जाऊन आले आणि खरवसाच्या दोन वड्या खाल्ल्या.

वैनी काही बोलल्या नाहीत. पुढच्या तपासणीचं त्यांनी लॅबवाल्या मुलाला परस्पर सांगून ठेवलंय: गौरी-गणपती पोचवले की दुसऱ्याच दिवशी, पहाटे, घरी येऊन. अण्णांना कळवायचं नाही.