आगोटीतले चिरंजीव

मे महिन्याचा शेवटचा आठवडा कोकणात कुणाला स्वस्थ बसू देत नाही. केरळात 1 जूनच्या आसपास उतरणारा पाऊस आठवडाभरात आपल्या खळ्यात येणार, म्हणून घरोघरी आगोटीची धांदल असते. कौलं शाकारायची, लाकडं पडवीत रचायची, रातांबे फोडून आमसुलं वाळवायची, कुळीथ, मीठ, सुके बोंबील डब्यांत भरायचे. 1 जूनपासून ट्रॉलर दोन महिने बंद, त्यामुळे बोंबलांच्या डब्याला घरात तिजोरीइतका मान. आणि या सगळ्याच्या मधोमध, ओटीवरच्या झोपाळ्यावर, आमच्या दादाचे चिरंजीव आडवे असतात.

चिरंजीव मुंबईला बी.कॉम. करतात. एस.वाय.ची परीक्षा झाली, टी.वाय. जूनमध्ये सुरू होईल. मधल्या दिवसांत ते थकवा घालवतात. थकवा कसला, हे विचारायची सोय नाही, कारण आमची आई लगेच मधे पडते. "अभ्यासाने पोर सुकलंय रे!" सुकलेल्या पोराची गेल्या वर्षीची पँट दाभणाने उसवून सैल करावी लागली, हे वहिनी हळूच सांगते, पण आजीच्या कोर्टात सुनेचा पुरावा चालत नाही.

सकाळी दहाला ते उठतात आणि उठल्याच्या श्रमाने पुन्हा टेकतात. साडेअकराला घावणे. मग झोपाळा. झोपाळ्याला झोका मात्र ते स्वतः देत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याने जाता जाता द्यावा, अशी अपेक्षा असते. अंगमेहनत अशी एकच. मोबाईलला रेंज फक्त गडग्याच्या कोपऱ्यावर, फणसाखाली मिळते. तिथवर भर उन्हात ते दिवसातून दहादा जातात. परत येऊन म्हणतात, "आई, पाय दुखतात गं."

अभ्यासाचं म्हणाल, तर त्याला कायदेशीर अडचण आहे. परीक्षा संपल्यापासून फार तर 45 दिवसांत निकाल लावावा, असं 2016चा विद्यापीठ कायदा सांगतो. हे कलम चिरंजीवांना पाठ. "निकाल लागेपर्यंत मी पासही नाही नि नापासही नाही, काका. मग नेमका कुठल्या वर्षाचा अभ्यास करू?" एटीकेटी लागेल की नाही, याचा घोर त्यांनी दादावर सोपवलाय. दादा तो इमानाने करतो.

तरी येताना एक जाडजूड पुस्तक आणलंच होतं. कॉस्ट अकाउंटिंग, सीनियरकडून उसनं. पुढच्या वर्षाचा विषय आधीच वाचून ठेवणार होते. पहिल्या संध्याकाळी ते उघडलं, मधलंच एक पान निघालं, ते वाचलं आणि पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी खळ्यात आंब्याची साटं वाळत होती, वरचं पातळ वाऱ्याने उडत होतं. वहिनीने हाताला लागलं ते वजन ठेवलं. तेव्हापासून पुस्तकाला रोज दहा तास ऊन मिळतंय.

वाचलेलं ते एक पान मात्र वाया गेलं नाही. दादा छपरावर कौलं चाळत होता आणि चिरंजीव खाली शिडी धरून उभे होते. म्हणजे शिडी भिंतीला टेकली होती नि चिरंजीव शिडीला. कौलं देणारा गडी विडी ओढायला बसला, तसं यांनी सांगितलं, "बाबा, याला आयडल टाइम म्हणतात. मजुरी चालू, काम बंद. त्यात दोन प्रकार. नॉर्मल, म्हणजे टाळता न येणारा. आणि अ‍ॅबनॉर्मल, म्हणजे जो टाळता आला असता." दादाने वरून नुसतं वाकून बघितलं. गडी मोठ्याने हसला. चिरंजीवांना विनोद कळला नाही. माझ्या मते तो कळला, पण हसायला तोंड हलवावं लागतं.

2025 साली पाऊस 26 मेलाच मुंबईपर्यंत पोचला. आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अर्धी लाकडं भिजली, आमसुलं चुलीवर शेकवावी लागली. घरात खूश असे एकटे चिरंजीवच. "आता उरलेली कामं कॅन्सल ना?" एवढं विचारून कूस बदलली.

कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रक लावून गाड्या हळू सोडते. चिरंजीवांचं ते वेळापत्रक बारमाही आहे, हे माझं मत मी घरात बोलून दाखवत नाही. कारण जूनमध्ये त्यांना तुतारी एक्सप्रेसला बसवून आलो की झोपाळा रिकामा होतो आणि दुपारी मी त्यावर पडतो. तेव्हा कळतं की जागा खरंच चांगली आहे. वारा थेट लागतो आणि कुणी हाक मारली तर ऐकू येत नाही.

आता एक विनंती. मुंबईत कुणाकडे कॉस्ट अकाउंटिंगची जुनी प्रत पडून असेल तर चिरंजीवांना द्यावी. सीनियर रोज फोन करून आपली परत मागतोय. ती आंब्याच्या रसाने चिकटली आहे, आणि वहिनी म्हणते, इतकं बेताचं वजन दुसरं मिळायचं नाही. ती काही देत नाही.