करंगळी

आमच्या शाळेत बाकी सगळं तोंडाने मागायचं, एक गोष्ट मात्र करंगळीने. करंगळी वर गेली की बाई आधी तिच्याकडे बघत, मग घड्याळाकडे आणि म्हणत, "मधल्या सुट्टीत जा." मूत्रसंस्थेचा माझा अभ्यास तिथे सुरू झाला. तोंडी परीक्षा झाली ती परवा, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी.

निमित्त मूतखड्याचं. पहाटे तीनला उजव्या कुशीत अशी कळ आली की मी घरभर रांगलो. बायको झोपेतच म्हणाली, "चष्मा टेबलावर आहे." सकाळी शेजारच्या काकूंनी कुळथाचं कढण पाठवलं. खालच्या मजल्यावरच्या एका हितचिंतकाने बिअर सुचवली, शिवाय सोबतीला बसायची तयारीही दाखवली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "सोनोग्राफी करा. भरपूर पाणी पिऊन जा, ब्लॅडर फुल पाहिजे."

सोनोग्राफीच्या प्रतीक्षागृहात खुर्च्या रिकाम्या होत्या आणि माणसं उभी होती. का, ते दुसरी बाटली संपल्यावर कळलं. काउंटरवरची मुलगी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होती, "काका, प्रेशर आलं का?"

"थोडं."

"थोडं नाही चालत. अजून प्या."

समोर भिंतीवर मूत्रसंस्थेचा तक्ता होता. माणूस एरवी असलं काही वाचत नाही. पण आता तो तक्ता माझ्या पोटाची जाहीर कुंडली होता. वर राजम्याच्या दाण्यासारखी दोन मूत्रपिंडं. उजवं जरा खाली, कारण त्याच्या डोक्यावर यकृताचं ऐसपैस बिऱ्हाड. एकेकाचं वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, पण दोघं मिळून दिवसाला १८० लीटर द्रव रक्तातून गाळून काढतात. मी हबकलो. एवढं जातं कुठे?

उत्तर आमच्या आईकडे होतं. दिवाळीआधी ती माळा साफ करायची. आधी सगळं सामान खाली काढायची आणि मग एकेक वस्तू हातात घेऊन "असू दे, लागेल" म्हणत परत वर ठेवायची. दिवसाअखेर घराबाहेर जायचं ते एक फुटकं पिंप. मूत्रपिंडाचं अगदी हेच. पाणी, साखर, मीठ, सगळं आधी खाली काढायचं. मग "असू दे, लागेल" म्हणत जवळजवळ सगळं रक्तात परत पाठवायचं. बाहेर जातं ते दीडेक लीटर. असे माळे साफ करणारे सूक्ष्म गाळे प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख. दहा लाख आया! माझ्या आतून आजवर काही हरवलं कसं नाही, ते तेव्हा कळलं.

तिथून खाली निघते मूत्रवाहिनी, वीतभराहून थोडी लांब आणि तीन-चार मिलिमीटर रुंद. हा नुसता उताराचा पाइप नव्हे. तिच्या भिंती आवळत-सैलावत माल पुढे ढकलतात. म्हणून आपण आडवे झालो तरी काम चालू. वाटेत तीन अरुंद जागा आहेत आणि खडे अडकतात ते बहुधा तिथेच. घाटात ट्रक वळणावरच बंद पडतो, तसं.

शेवटी मूत्राशय. दीड-दोनशे मिलिलीटरला पहिली आठवण, चार-पाचशेला तगादा. तोवर त्याच्या भिंती एसटीच्या कंडक्टरसारख्या "सरका, सरका, अजून दोघं बसतील" करत जागा काढतात. खाली दोन दरवाजे. आतला आपलं ऐकत नाही, बाहेरचा ऐकतो. एवढ्या कारखान्यात माझ्या हुकमतीखाली काय, तर एक दरवाजा! आईने "शूऽऽ" करून तो उघडायला शिकवला आणि बाईंनी बंद ठेवायला.

दीड तासाने नंबर लागला. पोटावर गार जेल आलं आणि नेमकं त्या जागी यंत्र दाबून डॉक्टर म्हणाले, "चार मिलिमीटरचा खडा दिसतोय. पडेल आपोआप. पण अहो, ब्लॅडर फारच भरलंय, त्याने किडनीही फुगल्यासारखी दिसते. जरा करून या."

"जरा म्हणजे?"

"अर्धी."

अर्धी! कोयनेचे सहा दरवाजे फूटभर उघडून पुन्हा लावता येतात. त्यांना इंजिनिअर आहेत. मी एकटा होतो. मूत्राशयाचं आकुंचन एकदा सुरू झालं की ते अर्ध्यावर थांबवणं सोपं नसतं. मी मनात बाईंना आणलं, पाढे म्हटले, भिंतीला हात टेकला. मग समाधी लागली.

बाहेर आलो. मुलीने चेहऱ्यावरूनच ओळखलं. "पूर्ण झाली ना?" अपराधी मान हलली. तिने नवी बाटली पुढे केली. "बसा."

पाऊण तासाने पुन्हा तीच अवस्था. ती फोनवर बोलत होती. तोंड उघडलं तर शब्दांबरोबर आणखी काय सुटेल याचा भरवसा नव्हता. मी काउंटरपाशी गेलो आणि कसलाही विचार न करता हात वर गेला. चव्वेचाळीस वर्षांनी तीच करंगळी.

तिने आधी करंगळीकडे बघितलं. मग घड्याळाकडे.