सावधान, रेंडर सुरू आहे

आमच्याकडे लग्न दोनदा लागतं. एकदा मांडवात, आणि दुसऱ्यांदा, पावसाळा तोंडावर आला की, शूटिंगवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत. पहिल्या लग्नाला मुहूर्त असतो, भटजी असतात, पाचशे माणसांची पंगत असते. दुसऱ्याला एक संगणक, एक कूलर आणि डोळे तारवटलेला एक पोरगा. पहिलं लग्न काही झालं तरी लागतंच. वीज जावो, वळीव येवो, नवरदेवाचा मामा रुसून बसो. दुसऱ्याचा नेम नाही. ते नव्व्याण्णव टक्क्यांपर्यंत निमूट येतं आणि तिथे ठाण मांडतं.

रेंडर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात अलीकडे कार्य झालेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. टाइमलाइन नावाच्या पट्टीवर तुकडे मांडायचे. खाली आवाज, वर चित्र, त्याच्या वर नावं, सगळ्यांच्या वर गुलाबाच्या पाकळ्या. पाकळ्यांवाचून आमच्या भागात लग्न कायदेशीर ठरत नाही. मांडामांड झाली की संगणकानं हे सगळे थर एकत्र करून एकेक चौकट नव्यानं रंगवायची. सेकंदाला 25 चौकटी, म्हणजे तीन तासांच्या लग्नाची 2 लाख 70 हजार चित्रं. इतकी चित्रं काढणारा एखाद्या चित्रापाशी हटून बसला तर त्याला बोल लावू नये. पण कोणत्या चित्रापाशी बसला, एवढं तरी त्यानं सांगावं? सांगत नाही. पडद्यावर एक चौकोन उघडतो. त्यात 'अज्ञात त्रुटी' असं असतं आणि शेजारी एक लांबलचक आकडा.

खामगावच्या ज्या मिक्सिंगवाल्या पोराकडे मी संध्याकाळी जाऊन बसतो, तो यावर एकच वाक्य बोलतो. “मशीन खोटं नाई बोलत काका, पण खरं बी नाई सांगत.” जन्म कचेरीत काढलेल्या माणसाला यात नवं काहीच नाही. अर्ज का परत आला हे अर्जावर कधीच लिहिलेलं नसे. ते चहावाल्याला विचारावं लागे.

बुलडाणा जिल्ह्यात कोणतीही गोष्ट बोलायची तर आधी ती घाटावरची की घाटाखालची हे ठरवावं लागतं. पाऊस, पऱ्हाटी, सोयरीक, सगळं या हिशेबानं. रेंडरही त्यातून सुटलेला नाही. घाटावर बुलडाणा थंड हवेसाठी नावाजलेलं, चिखली-मेहकरही जरा बरं. खाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर ही मे महिन्यात भट्टीच. संगणकाचा प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. मग रात्री दोन तासांत होणारं काम दुपारी पाच तास रेंगाळतं, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की पोरगा टाळाटाळ करतोय. म्हणून इथे रेंडर रात्री लावतात, कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून ठेवतात आणि कूलरचं तोंड माणसाकडे नव्हे, मशीनकडे करतात. त्या खोलीत मी कितीदा घामाघूम बसलोय आणि समोर संगणक मात्र गार वाऱ्यात.

रेंडर एकाच जागी वारंवार अडत असेल तर चूक शोधायची युक्ती जुनी आणि देखणी आहे. लग्नाचे दोन भाग करायचे आणि पहिला अर्धा रेंडर करून बघायचा. झाला, तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. त्याचे पुन्हा दोन भाग. असं आठ वेळा केलं की तीन तासांचं लग्न पाऊण मिनिटावर येतं, आणि अठरा-एकोणीस वेळा केलं तर हात थेट दोषी चौकटीवर पडतो. परवा असा शोध घेता घेता आम्ही नवरदेवाच्या दिवंगत आजोबांपाशी पोचलो. सुरुवातीला आशीर्वाद म्हणून त्यांचा फोटो लावलेला. कोणीतरी हौसेनं तो इतका मोठा स्कॅन केला होता की ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत मावेना, आणि त्यात पोरानं त्यांच्यावर हळूहळू झूम लावलेला. आजोबा हयातीत कोणाच्या आटोक्यात आले नव्हते असं ऐकतो. फोटोचा आकार पाव केला आणि लग्न पुढे सरकलं.

पण खरी गंमत अडण्यात नाही, सरकण्यात आहे. आवाज एकीकडे आणि ओठ दुसरीकडे, ही या धंद्यातली सगळ्यात जुनी व्याधी. तिची दोन रूपं आहेत, आणि वैद्यानं आधी रूप ओळखायचं असतं. एका ठिकाणापासून शेवटपर्यंत फरक तेवढाच राहत असेल, तर कोणीतरी काहीतरी ढकललंय. फरक सुरुवातीला नाही आणि पुढे पुढे वाढत जातोय, तर वेगाचा हिशेब चुकलाय.

ढकलण्याची गोष्ट ऐका. व्हिडिओ तयार झाला, घरच्यांनी पाहिला आणि नांदुऱ्याहून निरोप आला, की नवरीच्या आत्याबाई कुठेच दिसत नाहीत. हा निरोप येतोच. लग्नात जी बाई चार दिवस राबते ती कधीच कॅमेऱ्यासमोर नसते, आणि जी नुसती नटून बसते ती दर तिसऱ्या मिनिटाला असते. पोरानं सगळे तुकडे पुन्हा चाळले. पंगतीत बुंदी वाढताना आत्याबाई चार सेकंद सापडल्या. विसाव्या मिनिटाला त्यांना टाइमलाइनवर जागा करून दिली, आणि त्यामुळे पुढचं सगळं चार सेकंद उजवीकडे सरकलं. सगळं म्हणजे चित्र. आवाजाच्या पट्टीला त्यानं आधीच कुलूप लावून ठेवलं होतं, चुकून हात लागू नये म्हणून. ती जागची हलली नाही. मग काय, विसाव्या मिनिटापासून पाठवणीपर्यंत आवाज चार सेकंद पुढे आणि माणसं मागे. भटजींचं 'सावधान' झालं, आणि अक्षता नंतर निवांत पडल्या. हे कोणाला खटकलं नाही. मागच्या रांगेतल्या अक्षता तशाही उशिराच पडतात. खटकला तो वरातीतला ताशा. ताशा आधी कडाडला आणि काडी नंतर खाली आली. पोरगा अर्धी रात्र सॉफ्टवेअरला शिव्या घालत होता, मग त्याला ते एवढंसं कुलूप दिसलं.

“आता काय करशील?” मी विचारलं.

“चार सेकंदाची शांतता घालतो आवाजात,” तो म्हणाला. “आत्याबाई बोलल्याच नव्हत्या नाहीतरी.”

वाढत जाणाऱ्या फरकाला मात्र मोबाइल कारणीभूत असतो. शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्याला पक्कं ठाऊक असतं की सेकंदाला 25 चौकटी घ्यायच्या. हा 25 आकडाही उगाच आलेला नाही. आपल्या घरात येणाऱ्या विजेची सेकंदाला 50 आवर्तनं होतात. टीव्हीच्या आरंभीच्या दिवसांत पडद्यावर विजेची थरथर दिसू नये म्हणून चौकटींचा हिशेब या आवर्तनांच्या बरोबर निम्म्यावर बांधला, आणि तो कायम राहिला. म्हणजे आपल्या लग्नाची लय विजेनं ठरवून दिली, आणि रेंडर ऐंशी टक्क्यांवर असताना निघून जातेही तीच. मोबाइलला असलं बंधन नाही. उजेड भरपूर असला तर तो सेकंदाला तीस चौकटी घेतो, मांडवात अंधारलं की मनाशीच वीस-बावीसवर उतरतो. डोळ्यांना ते कळत नाही. पण एडिटिंगचं सॉफ्टवेअर सगळं एकाच वेगाचं धरून चालतं, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत आवाज आणि ओठ यांच्यात भावकीचं अंतर पडतं. उपाय सोपा आहे. असा तुकडा टाइमलाइनवर ठेवण्याआधी हँडब्रेकसारख्या फुकट मिळणाऱ्या साधनातून काढून त्याचा वेग एकसारखा करून घ्यायचा. सोपे उपाय वेळखाऊ असतात, म्हणून लोक आधी अवघड उपाय करून बघतात.

यात कोणाचा न्यू जर्सीचा भाऊ आपला कॅमेरा घेऊन आला की विचारूच नका. अमेरिकेत वीज साठ आवर्तनांची, म्हणून तिथे चौकटी तीस. पण 1953 मध्ये तिथे रंगीत टीव्हीची पद्धत ठरली तेव्हा रंगाचा संदेश त्याच लहरींत बसवायला तीसचे 29.97 करावे लागले. मोजणी तीसची आणि धावणं 29.97 चं, त्यामुळे तासाला 108 चौकटींचा, म्हणजे 3.6 सेकंदांचा घोळ. तो मिटवायला त्यांनी काढलेली तोड आपल्याकडच्या पंचांगवाल्यांना चटकन कळेल. दर मिनिटाला दोन आकडे गाळायचे, मात्र प्रत्येक दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. चौकट एकही गळत नाही, गळतो फक्त तिचा नंबर. क्षयतिथीला तरी दुसरं काय होतं? सूर्य ठरल्या वेळीच उगवतो. तेवढी एक तिथी कॅलेंडरवर कोणाच्या वाट्याला येत नाही.

नावांचा घोळ आपला खास मराठी. पाटीवर 'चि.' लिहायचं तर संगणकाच्या स्मरणात आधी 'च' जातो आणि मग वेलांटी, पण पडद्यावर वेलांटी आधी काढायची असते. देवनागरीची ही उलटापालट ज्या सॉफ्टवेअरला जमत नाही, ते वेलांटी 'च'च्या पाठीमागे उभी करतं. मग चिरंजीव कोणत्याच भाषेतले राहत नाहीत, आणि जोडाक्षरांची हाडं सुटी होतात. पत्रिका दहा जणांनी तपासलेली असते; व्हिडिओतलं नाव वरमाईच तपासते, तेही शेजारणींसमोर. काही सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची एक सेटिंग असते, ती चालू केली की काम भागतं. नसेल तर नाव फोटोसारखं चित्र करून चिकटवायचं. सगळे तेच करतात.

रंगाचं म्हणाल तर महागडे फोन आता जादा उजेडाची, एचडीआर नावाची चित्रं घेतात. साध्या टाइमलाइनवर ती आली की हळदीची नवरी पिठात बुडवून काढल्यासारखी पांढरी दिसते. पण डोळ्यांना खोटं वाटणारं सगळंच खोटं नसतं. जून 2020 मध्ये आमच्या लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पहिले फोटो बघून निम्म्या लोकांनी 'एडिट केलेत' म्हणून हात झटकले. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासलं. खारटपणा वाढल्यानं मीठप्रिय सूक्ष्मजीव बोकाळले होते आणि रंग त्यांचा होता. कॅमेरे त्या वेळी अगदी शुद्धीवर होते.

सगळं जुळून फाइल तयार झाली, तरी ती पेनड्राइव्हवर जाईल याची खात्री नाही. फॅट 32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, आणि घरचा जुना टीव्ही नेमकी तीच पद्धत वाचतो. म्हणून पाठवणी भाग दोनमध्ये असते. कधी डिस्कचं अक्षर ई होतं ते एफ होतं, आणि उघडल्या उघडल्या संपूर्ण लग्न लाल होऊन 'सापडत नाही' म्हणतं. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये चित्रं नसतात, चित्रांचे नुसते पत्ते असतात. माणसं जागेवरच असतात. गल्लीचं नाव बदललेलं असतं. नवा पत्ता दाखवला की सगळी परत येतात.

हे ऐकून जुने शूटिंगवाले हसतात. त्यांच्या काळी दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून एका कॅसेटवरून दुसरीवर क्रमानं उतरवावं लागे. आत्याबाई विसाव्या मिनिटाला घालायच्या, तर विसाव्या मिनिटापासून पुढचं लग्न पुन्हा उतरवायचं, नाहीतर नकलेची नक्कल करून चित्र आणखी पुसट करायचं. त्याच्याही मागे गेलात तर 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई अंधारात बसून कोऱ्या फिल्मला काठानं भोकं पाडत असत. भोक जरा तिरकं गेलं की पडद्यावर राजा थरथरणार. त्यांना कोणत्याही चौकोनानं कसलाही आकडा दाखवला नाही. मला वाटतं, आमच्या पोराच्या नशिबी निदान त्रुटीचा आकडा तरी आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरनं सुधारलेली नाही. लग्नाच्या दिवशी थोडी रक्कम द्यायची आणि उरलेली 'व्हिडिओ बघून', हा रिवाज घाटावर आणि घाटाखाली सारखाच. व्हिडिओ बघायला तीन तास लागतात. घरात तीन तास रिकामे कोणाला मिळत नाहीत, म्हणून बघणं लांबतं आणि त्याच्याबरोबर रक्कमही. पुढच्या सीझनची हार्ड डिस्क त्याच पैशातून यायची असते.

तेव्हा दोन कामं करा. तुमच्या कपाटात लग्नाची व्हीएचएस कॅसेट असेल तर तिला बुरशी लागण्याआधी ती डिजिटल करून घ्या. जगातल्या शेवटच्या कंपनीनं, जपानच्या फुनाईनं, 2016 च्या जुलैमध्येच नवे व्हीसीआर बनवणं बंद केलंय, आणि जुना चालता व्हीसीआर ज्याच्याकडे आहे तो माणूसही वयानं तुमच्याएवढाच आहे. दुसरं, शूटिंगवाल्याचे राहिलेले पैसे देऊन टाका. व्हिडिओ मागाहून बघा.