नानांचा फाकडा

नानांच्या तुंगार्लीतल्या बंगल्यात शिरलं की आधी चित्र बघावं लागतं. भर पावसात अंगावरून पाणी निथळत असलं तरी सुटका नाही. "आधी मुजरा, मग चहा," असा तिथला रिवाज.

चित्र जुनं, छापील, एका पारशी बंगल्यातलं सामान विकायला काढलं तेव्हा मिळालेलं. मळवलीच्या छापखान्यातली रविवर्म्याची लक्ष्मी बाजूला सरकवून तिच्या खिळ्यावर ते लावलंय. खाणावळीच्या दारात एक फिरंगी स्वार. टोपीला हे एवढं पीस, गुडघ्याच्या वर आलेले बूट, कमरेला तलवार, हातात पेला. मागे एक शिकारी. त्याच्या खांद्यावरून ससा लोंबतोय आणि दोन कुत्री त्या सशाकडे टक लावून बसलीत. कोपऱ्यातली सही बुरशीनं खाल्लीय. लोणावळ्यात भिंतीवरची कुठलीही वस्तू काही पावसाळ्यांत बुरशीच्या नावावर होते.

नानांच्या मते हा इष्टूर फाकडा. म्हणजे कॅप्टन स्ट्युअर्ट. 1779च्या जानेवारीत इंग्रज फौज घाट चढून पुण्यावर निघाली, तेव्हा कार्ल्याजवळ मारला गेलेला. पुढे वडगावला इंग्रजांना तह करावा लागला. त्याच वडगावात त्याची समाधी आहे. शत्रूलाही 'फाकडा' म्हणण्याइतकं आपलं मन मोठं होतं, हे सांगताना नानांचा आवाज दरवेळी भरून येतो. मग ते खोकतात आणि हवेला नावं ठेवतात.

पुतण्यानं एकदा धीर केला. "नाना, हा पोशाख फ्रेंच आहे. तेराव्या लुईच्या काळातला. फाकड्याच्या आधी दीडेकशे वर्षं. एकोणिसाव्या शतकात मेसोनिए म्हणून एक चित्रकार असले स्वार रंगवायचा आणि पैसेवाले ते वाटेल त्या किमतीला उचलायचे."

"फ्रेंच?" नानांचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला! सेंट ल्युबिन. 1777 साली आमच्या नाना फडणिसांकडे आला होता की नाही? त्याला बघूनच इंग्रजांच्या पोटात गोळा उठला. तो आला म्हणून फौज आली, फौज आली म्हणून फाकडा आला. एका चित्रात दोघं बसतात."

पुतण्या हट्टी. त्यानं मेसोनिएच्या 'फ्रीडलंड'ची गोष्ट काढली. नेपोलियनच्या घोडदळाचं भलंमोठं चित्र, थेट अमेरिकेतल्या एका बड्या दुकानदारानं घेतलेलं. दुकानदाराचं नाव ए. टी. स्ट्युअर्ट. हे नाव त्यानं उच्चारायला नको होतं.

"बघ! घराण्यातच गेलं."

घोडा नानांच्या डोक्यात पक्का बसलाय. नाना घोड्यावर कधी बसलेले नाहीत. इथले मावळे मुख्यतः पायदळातले, लोहगड-विसापूरच्या वाटा पायानंच तुडवायच्या, हे त्यांना ठाऊक आहे. पण पायी चालणारा माणूस दिवाणखान्यात शोभत नाही, त्याला काय करणार? सरकारी घोड्यावरचा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, हे ते प्रत्येक पाहुण्याला समजावतात आणि स्वतःला शिलेदारांत धरतात. बंगला मुलाचा, गाडी मुलाच्या कंपनीची, पेट्रोल सुनेच्या कार्डावर. टायगर पॉइंटला नातवानं घोड्यासाठी भोकाड पसरलं, तेव्हा शिलेदारांनी घोडेवाल्याशी भाड्यावरून निकराची लढाई दिली, नातवाला वर चढवलं आणि स्वतः कणीसवाल्याच्या आडोशाला गेले.

मेसोनिएचा एक किस्सा मात्र त्यांनी पुतण्याकडून पुन्हा पुन्हा सांगून घेतला. धावत्या घोड्याचे पाय नेमके कसे पडतात ते कळावं म्हणून या गृहस्थानं आपल्या आवारात रूळ टाकून घेतले. घोडा बाजूनं दौडायचा आणि हा गाडीत बसून त्याच्या बरोबरीनं जात चित्रं काढायचा.

"एवढा खर्च? आपल्याला लोकल आहे की!"

तेव्हापासून पुण्याला निघाले की नाना खिडकी धरतात आणि मांडीवर वही उघडतात. मळवली ते कामशेत त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. घोडा अजून दिसलेला नाही. पण म्हशीच्या चालीबद्दल वहीत बराच मजकूर जमलाय, आणि एवढ्या बाबतीत मेसोनिए कच्चा होता, असं नानांचं म्हणणं आहे.