शल्यविशारदाची बोटे

इंटर सायन्सला बी ग्रुप घेतलेल्या मुलास त्याच दिवसापासून डॉक्टर समजण्याची जी उदार वहिवाट आमच्या गिरगावातील चाळीत होती, तिचा लाभ मी यथेच्छ घेतला. आणि पुढे वैद्यकीच्या एकाही महाविद्यालयाने मला दाराशी उभे केले नाही, तरी त्या काळात उपभोगलेल्या मानमरातबाची वसुली करण्यास कोणी आले नाही, याबद्दल मी त्या चाळीचा आजन्म ऋणी आहे. गणित घेऊन ए ग्रुपला गेलेल्या मुलास कोणी पूल बांधून मागत नसे. बी ग्रुपच्या मुलासमोर मात्र माणसे भर जिन्यात जिभा बाहेर काढून उभी राहात.

त्यातच एके दिवशी माझ्या मामांनी माझा हात उजेडात धरून, ‘ही बोटे सर्जनची आहेत,’ असा निर्वाळा दिला. मामा गोदीच्या कचेरीत बारनिशी कारकून होते आणि बोटांविषयीचा त्यांचा अधिकार शाईच्या डागांपलीकडे जात नव्हता. परंतु स्तुती करणाऱ्याची लायकी तपासण्याचा प्रघात मनुष्यजातीत नाही, तो मी तरी का सुरू करावा? त्या दिवसापासून नळाच्या बादल्या, नारळ फोडणे, स्टोव्हला पिन मारणे इत्यादी सर्व कामे धाकट्या भावाकडे वर्ग झाली, आणि निजण्यापूर्वी दहाही बोटांस खोबरेल चोळणे एवढेच कर्तव्य मजकडे उरले. ‘सर्जनसाहेब, बोटे शाबूत असतील तर आपले ताट उचला,’ असे माझी बहीण म्हणे. पण थोर पुरुषांच्या चरित्रांत बहिणींची असली वाक्ये छापलेली नसतात, हे ध्यानी घेऊन मी तिकडे कानाडोळा करी.

थोर पुरुष म्हणजे अर्थातच भाऊ दाजी. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली जी पहिली तुकडी बाहेर पडली तीत ते होते, हे वाचल्यापासून त्यांच्या व माझ्या मधे जे शेकडो डॉक्टर होऊन गेले त्यांना मी केवळ हंगामी समजू लागलो. मुंबईत माझ्या वेळी ग्रँट, शेठ गोरधनदास सुंदरदास आणि टोपीवाला नॅशनल अशी अ‍ॅलोपॅथीची तीनच महाविद्यालये होती, आणि यांपैकी कोणास उपकृत करावे याचा विचार मी ट्रामच्या बाकावर बसून गंभीरपणे करीत असे. रसायनाच्या प्रयोगशाळेतून निघताना अंगाला सल्फ्युरेटेड हायड्रोजनचा, म्हणजे सडक्या अंड्यांचा, दर्प येत असल्यामुळे त्या बाकावर माझ्या शेजारी कोणी टिकत नसे. लोक आदराने जागा करून देत आहेत, असे मी धरून चाललो होतो.

येथे मला झुरळाविषयी अंमळ विस्ताराने बोलावयाचे आहे. ज्या वाचकास घाई असेल त्याने हा मजकूर गाळावा. मला मात्र तो गाळता येत नाही, कारण माझ्या वैद्यकीय कारकीर्दीतला जो काही वैभवाचा भाग आहे तो झुरळापाशीच सुरू होतो आणि झुरळापाशीच संपतो. प्रयोगशाळेचा शिपाई झुरळामागे एक आणा घेई. आमच्या सार्वजनिक मोरीत जी संपत्ती रात्री नऊनंतर मोकळी हिंडत असे, तिची किंमत या दराने काढली असता सबंध चाळीचे भाडे निघाले असते. सबब मी हॉर्लिक्सची रिकामी बाटली आणि वडिलांची बॅटरी घेऊन रात्री मोरीत जाऊ लागलो. ज्या बायांनी आयुष्यभर झुरळ दिसताच चप्पल उचलली, त्या आता पदर सावरून, ‘डॉक्टर, इकडे एक आहे, चांगलं मोठं,’ अशी वर्दी देऊ लागल्या. बाटली भरली की गॅलरीत माझे व्याख्यान होई. शेपटाकडच्या टोकाला दोन जाड काट्यांच्या आत आणखी दोन बारीक काड्या दिसल्या तर तो नर, नाहीतर मादी; माणसाच्या हृदयास चारच कप्पे, पण याच्या हृदयास तेरा; डोके उडवले तरी हा गडी कित्येक दिवस जगतो. याचे शास्त्रीय नाव पेरिप्लॅनेटा अमेरिकाना, असे मी सांगताच तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, ‘तरीच! त्या पी. एल. ४८०च्या गव्हातून आले असणार.’ वास्तविक ही जात मूळची आफ्रिकेकडची, आणि गव्हाचा करार १९५६चा असून झुरळे त्यापूर्वीही मोरीत होती; परंतु आजोबांचे अमेरिकेविषयीचे मत बदलण्याइतका पुरावा माझ्या बाटलीत नव्हता.

झुरळाच्या लाळग्रंथी सोडवून दाखवणे ही या विद्येची पराकाष्ठा. काळ्या मेणाच्या तबकात, पाण्याखाली, पंख छाटून, पाठीचे कवच अलगद उचलून, अन्ननळीच्या दोन्ही अंगांस चिकटलेली ती फिकट, पानापानांची नक्षी आणि तिच्या लगतच्या दोन पारदर्शक पिशव्या सुईच्या टोकाने मोकळ्या करावयाच्या; श्वास जोराने सोडला तरी सारे विस्कटते. हे मी अभिनयासह सांगत असता आजोबांनी शांतपणे विचारले, ‘आणि खोकल्यावर काय द्यायचं, ते केव्हा शिकवतात?’

ते प्रवेश मिळाल्यावर शिकवतात, असे मी उत्तरलो. तेही तितकेसे खरे नव्हते. कारण प्रवेश मिळाल्यावरही आरंभी शवविच्छेदनच असते. म्हणजे आधी मेलेला बेडूक, मग मेलेला माणूस आणि बराच काळ लोटल्यावर जिवंत माणूस, असा हा क्रम आहे. क्रम लावणाऱ्याने आपल्या परीने रोग्याच्या सुरक्षिततेचाच विचार केला असावा.

बेडकापाशी बोटांची परीक्षा झाली. क्लोरोफॉर्म दिलेला बेडूक उताणा करून, हातापायांत टाचण्या रोवून, आधी कातडी आणि मग पोटाचा स्नायूंचा पडदा कापावयाचा असतो. त्या पडद्याच्या बरोबर मध्यावरून एक शीर जाते, ती वाचवून किंचित बाजूने कात्री चालवली नाही तर तबकात रक्तच रक्त होते. माझ्या तबकात ते नेहमी होई. शेजारी माहीमच्या कोळीवाड्यातून येणारी एक मुलगी होती. तिची बोटे आखूड, जाड, मिठाने चिरलेली. पण पहाटे घरची मासळी साफ करून आलेल्या त्या बोटांनी ती बेडूक असा उघडी, की तीन कप्प्यांचे ते चिमुकले हृदय स्वच्छ दिसे, आणि ते अजून धडधडत असे. माझी कात्री पाहून ती एकदा म्हणाली, ‘अरे, मेलाय तो बिचारा. आता त्याला घाबरवतोस कशाला?’

आता बेडूक सुटला. माझी नात यंदा नीटला बसणार आहे. तिचा बेडूक कागदावर असतो. १८० प्रश्न, ७२० गुण, त्यांतले ३६० जीवशास्त्राचे, बरोबर उत्तरास चार आणि चुकल्यास एक वजा. उत्तर सोडून दिल्यास काही नाही. ही शिक्षा मला तत्त्वतः पसंत आहे. ठाऊक नसताना बोलणाऱ्याचा गुण कापावा, हा नियम आमच्या गॅलरीत लागू असता तर मी आजतागायत उण्यातच राहिलो असतो. पण गेल्या महिन्यात तिची आजी तापाने फणफणली होती, आणि मुलीचा अभ्यास बुडेल, शिवाय तिला संसर्ग होईल, म्हणून दोन्ही खोल्यांमधले दार लावून घेतले गेले. आत ती ज्वराची लक्षणे पाठ करीत होती. मी दार उघडले. मुलाने मला जे ऐकवले त्यात तथ्य होते, हेही मी मान्य करतो. एका गुणावर हजारो मुले मागे पडतात, असे त्याचे म्हणणे. तरीही ते दार लावलेले मला पाहवले नाही, आणि याविषयी विनोद करण्याची माझी इच्छा नाही.

चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत असले दार लावण्याची सोय नव्हती. आत्याला दमा होता. रात्री दीड-दोनच्या सुमारास ती उशांच्या ढिगाला टेकून बसे आणि काही न बोलता मनगट माझ्याकडे करी. मी वडिलांचे घड्याळ घेऊन मोठ्या डौलात नाडीचे ठोके मोजी. ठोके मोजून झाल्यावर पुढे काय करावे याचे ज्ञान बी ग्रुपात नव्हते. म्हणून मी मनगट तसेच धरून बसे, आणि सूर्य वर येईतो तिचा श्वास बहुधा खाली बसे. ‘आनंदीबाई अठराव्या वर्षी बोटीत बसली,’ असे ती मग चहा घेताना म्हणे, ‘तुला नुसतं भायखळ्याला जायचंय.’

त्यासाठी वयाचा दाखला, सद्वर्तनाचा दाखला, देवीची लस टोचल्याचा दाखला आणि साऱ्यांच्या सत्यप्रती अर्जास जोडून झाल्या. सद्वर्तनाचा दाखला ज्या सद्गृहस्थांनी दिला त्यांच्या खिडकीची काच मी फोडली होती, हे ते सुदैवाने विसरले होते. यादी लागली. कोळीवाड्यातील मुलीचे नाव तीत होते. माझे नव्हते.

त्यानंतरच्या काही रात्री मी जागा असूनही झोपेचे सोंग घेतले. अखेरीस आत्यानेच अंधारातून हाक मारली, ‘बाळ, तुझं नाव यादीत नाही म्हणून माझी नाडी थांबलेली नाही. ऊठ.’

पुढे यथावकाश मी एका कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदींच्या दप्तरावर रुजू झालो. आत्याने साऱ्या चाळीला सांगितले, की डॉक्टर झाला नाही खरा, पण डॉक्टरांची दोन्ही टोकांची कामे शेवटी याच्याकडेच येतात. आणि त्याच संध्याकाळी मला जवळ बसवून, ‘माझी नोंद करशील तेव्हा वय दोन वर्षं कमी लाव,’ अशी शिफारस केली. तसे करता येत नाही, वयास दस्तऐवजी पुरावा लागतो, असे मी नव्या हुद्द्याच्या रुबाबात सांगितले. ‘मग माझ्या जन्माची नोंद कुठे आहे ती आधी काढून दाखव,’ ती म्हणाली. मी कचेरीतले सारे जुने कागद उपसले. ती नोंद कोठेच नव्हती, आणि तिने मग दोनाची मागणी पाचावर नेली.