रॅमभाऊ

किल्लारीत कुणाला लॅपटॉप घ्यायचा असला की तो लातूरला जायच्या आधी रॅमभाऊंकडे जातो. हे नाव त्यांच्या आईबापांनी ठेवलेलं नाही. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत 'रॅम किती?' असं विचारायच्या खोडीमुळं ते पडलं, आणि रॅमभाऊ त्याला खुशाल ओ देतात. पोटापाण्याला ते सातबारा काढतात, पीकविम्याचे अर्ज भरतात. पण त्यांचा जीव ग्राफिक्स कार्डात अडकलेला.

काही वर्षांपूर्वी एक मामा पोराला घेऊन आले. म्हणाले, "इंजिनिअरिंगसाठी डेलचा घ्यावा म्हणलालो." मागं उभं असलेलं पोरगं अंगठ्यांनी हवेतच बटणं दाबून दाखवत होतं. रॅमभाऊंना दोन्ही भाषा येतात.

"मामा, डेल म्हंजे काय एक हाय का?" त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "व्होस्ट्रो दुकानदाराचा. साधा इन्स्पिरॉन अर्ज भरायला झकास. इंजिनिअरिंगचं 'जड' काम असलं तर जी सिरीज बघा. आन् एलियनवेअर, ती कंपनी डेलनं 2006 ला घेतली, तिचं नाव काढायचं न्हाई. त्यात सोयाबीनचं अख्खं रान जातंय."

'जड' म्हणताना त्यांनी पोराकडं पाहिलं. पोरगं खाली बघायला लागलं.

माणूस बोलतो ते खोटं नसतं, हीच खरी पंचाईत. वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं. रॅमच्या 16 जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा 8-8 च्या दोन बऱ्या. व्हॅलोरंट साध्या मशीनवरही चालतो, त्यासाठी बापाला कर्जात घालायचं कारण नाही. आणि उष्णतेचं तर ते कंपनीवाल्यांपेक्षा नेमकं सांगतात. 1993 च्या भूकंपानंतर इथल्या कित्येकांना डोक्यावर स्लॅबपेक्षा पत्राच बरा वाटतो. मे महिन्यात त्या पत्र्याखाली गेम लावला, की प्रोसेसर तापतो आणि जीव वाचवायला आपणच वेग कमी करतो. पंखा असा घोंघावतो की घरातली आजी उठून अंगणात जाते. पोराच्या कानांना हेडफोन, त्याला पत्ताच नसतो.

डेलच्या मालकाविषयी रॅमभाऊ सोयऱ्यासारखं बोलतात. "मायकेलनं 1984 ला हॉस्टेलच्या खोलीत धंदा काढला, मामा. वय एकोणीस."

मामांनी पोराकडं वळून विचारलं, "तू हॉस्टेलात काय करलालास?"

स्वतः रॅमभाऊ काय खेळतात? पत्त्यांचा सॉलिटेअर. तोही अशा डबड्यावर, जे सुरू व्हायला लागलं की गिऱ्हाईक चहा पिऊन येतं. याबद्दल कुणी टोकलं तर ते म्हणतात, "डॉक्टर सोताच्या अंगात सुई टोचून घेतो का?"

शेवटी जी सिरीजमधलाच लॅपटॉप आला. आठवड्याच्या आत मामा तणतणत हजर.

"लाईट गेली की हे मशीन बैलावानी बसतंय! पोरगं रडकुंडीला आलंय."

"बॅटरीवर ताकद कमीच लावतंय ते, मामा. गेमिंगवाले सगळेच तसे."

"गेमिंग?"

रॅमभाऊंनी घाईघाईनं पीकविम्याचा फॉर्म पुढं ओढला. "आधार कार्ड आणलंय का?"