दोन रुपये सुट्टे

वडोदऱ्यात वाहतुकीचं विद्यापीठ आहे. २०१८ साली रेल्वेचं अभिमत विद्यापीठ म्हणून सुरू झालं, २०२२च्या कायद्यानं केंद्रीय झालं, नाव गतिशक्ती. त्याच्या कितीतरी आधी, १९६७ पासून, पुण्याजवळ भोसरीची सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची संस्था एसटीसारख्या महामंडळांच्या लोकांना व्यवस्थापन शिकवते. चांगलंच आहे. फक्त अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी एकदा लग्नसराईत भोकरच्या बसस्थानकावर उभं राहून नांदेडची गाडी पकडून दाखवावी.

गाडी लागण्याआधीच खिडकीतून रुमाल, पिशवी, एखादवेळी लेकरूही आत जातं. पुस्तकात याला आगाऊ आरक्षण म्हणत असावेत. मग वाहक चढतो. बायकांना अर्धं तिकीट, पासष्टीपुढच्यांना अर्धं, पंचाहत्तरी ओलांडली की फुकट. त्यात आधार कार्डावर शहात्तर आणि मिशा काळ्याभोर असलेले एक-दोघं असतातच. हा सगळा हिशेब दाराच्या पायरीपासून मागच्या बाकापर्यंत, एका पायावर.

"मामा, मागं सरका की! मागं समदी रिकामीच हाय!"

मागं मुंगीला जागा नसते. तरी चार माणसं सरकतात. क्षमतावृद्धीवर यापेक्षा भक्कम शोधनिबंध माझ्या पाहण्यात नाही.

न राहवून म्हटलं, "मास्तर, तुम्ही यावर पीएच.डी. करा."

"करतो की," यंत्रातून तिकीट फाडत तो म्हणाला, "आधी दोन रुपये सुट्टे काढा."